कॅमेऱ्याला न दिसलेला अरुणोदय

बंगळूरला समुद्र नाही. पूर्वेचा समुद्र गाठावयाचा तर मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, जावे लागते. पश्चिमेचा गाठावयाचा तर घाट उतरून मंगळूरला. विशेष असा, की ही तिन्ही शहरे नकाशावर जवळजवळ एकाच ओळीत, तेराव्या अक्षांशाच्या लगत वसलेली आहेत, आणि बंगळूर इतर दोहोंच्या जवळजवळ मध्यावर आहे. भूमीच्या उंचसखलपणाचा हिशेब बाजूला ठेवला, तर मद्रासच्या किनाऱ्यावर सागरातून वर आलेले सूर्यबिंब बंगळूरला दिसावयास सुमारे ११ मिनिटे लागतात आणि तेथून मंगळूरला दिसावयास आणखी ११. दोन समुद्रांच्या मध्ये उभ्या असलेल्या या शहराच्या वाट्याला ना सागरातून उगवणारा सूर्य आला, ना सागरात बुडणारा.

असे असूनही समुद्रकाठच्या सूर्योदयाच्या छायाचित्राचा इतिहास सांगावयास मी बंगळूरची निवड करतो, याला दोन कारणे आहेत. छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात बाल्यावस्थेत असताना तिच्या मर्यादांशी झुंजणारा एक असामान्य छायाचित्रकार याच शहरात काम करीत होता, हे एक. आणि समुद्राला त्याचा रंग कोठून येतो, हे ज्यांनी जगाला समजावून दिले ते शास्त्रज्ञ पुढे याच शहरात स्थायिक झाले, हे दुसरे. या दोघांच्या मधल्या काळात एक लहानसा पण अर्थपूर्ण इतिहास घडला. कॅमेऱ्याला पहाट दिसत नव्हती, तो हा इतिहास.

आपण मराठी माणसे समुद्राला ओळखतो ती पश्चिमेकडून. आपल्या कोकणात सूर्य उगवतो तो सह्याद्रीच्या आडून. किनारा अजून डोंगराच्या सावलीत असतो आणि दूरच्या पाण्यावर मात्र ऊन पडलेले दिसते. ते हळूहळू सरकत किनाऱ्याकडे येते. मुंबईत अपोलो बंदरावर उभे राहिले तर पाण्यावर उगवता सूर्य दिसतो हे खरे. पण ते पाणी बंदराचे आणि त्यापलीकडे पुन्हा जमीन. अथांग सागराच्या कडेवरून सूर्य वर येताना पाहावयाचा, तर मराठी माणसाला पुरी, विशाखापट्टणम, मद्रास किंवा कन्याकुमारी गाठावी लागते. जे तेथे जातात ते पहाटे उठून किनाऱ्यावर जातात, आणि बहुतेकांच्या हाती कॅमेरा असतो. आज त्या कॅमेऱ्यात सूर्योदय सहज उमटतो. म्हणूनच तो एके काळी मुळीच उमटत नसे, हे सांगितले तर चटकन खरे वाटत नाही.

तो का उमटत नसे, हे आधी पाहू. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्राची काच किंवा कागद चांदीच्या क्षारांनी संस्कारलेला असे. हे क्षार प्रकाशाने काळे पडतात. परंतु सर्व प्रकाशाने नव्हे. निळा, जांभळा आणि त्याही पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश त्यांना चटकन जाणवतो. पिवळा फारसा जाणवत नाही. तांबडा जवळजवळ नाहीच. आता सूर्योदयाच्या वेळी काय घडते ते पाहा. सूर्य क्षितिजावर असताना त्याचे किरण वातावरणातून तिरपे येतात, आणि माथ्यावरच्या सूर्याच्या किरणांना जेवढी हवा ओलांडावी लागते तिच्या सुमारे ३८ पट हवा त्यांना ओलांडावी लागते. या लांबच्या प्रवासात निळा प्रकाश हवेच्या कणांवर आदळून इतस्ततः विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो उरलेला तांबूस प्रकाश. लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली या घटनेचे गणित मांडले. तात्पर्य, ज्या रंगाने अरुणोदय घडतो, नेमका तोच रंग त्या काळच्या काचेला दिसत नव्हता. उगवतीचा तांबडा पट्टा तिच्यावर काळसर उमटे. वरचे फिकट निळे आकाश मात्र इतके उजळ उमटे, की त्यात ढगाची रेघही शिल्लक राहत नसे.

दुसरी अडचण वेळेची होती. आपल्या प्रदेशात सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. त्याचे पूर्ण बिंब क्षितिजाबाहेर पडावयास सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. त्या काळचा कागद काही मिनिटे, आणि प्रकाश मंद असेल तर त्याहून पुष्कळ अधिक वेळ, भिंगासमोर उघडा ठेवावा लागे. समजा, कोणी दहा मिनिटे उघडा ठेवला. तेवढ्या वेळात सूर्य आपल्या व्यासाच्या सुमारे पाचपट अंतर चालून जाई, आणि बिंबाच्या जागी उमटली असती ती एक उभी पट्टी. लाटांचे तर विचारावयासच नको. दहा मिनिटांत किनाऱ्यावर फुटलेल्या शेकडो लाटा एकमेकींत मिसळून तेथे नुसते धुके दिसले असते. समुद्र स्थिर राहत नाही, सूर्य थांबत नाही, आणि पहाटेचा रंग काचेला दिसत नाही, अशी ही तिहेरी कोंडी होती.

या कोंडीचा अनुभव ज्याच्या कामात स्पष्ट दिसतो तो बंगळूरचा छायाचित्रकार म्हणजे कॅप्टन लिनियस ट्राइप. त्याचा जन्म १८२२ साली इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट या बंदराच्या गावी झाला. म्हणजे तो समुद्राचाच मुलगा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात तो दाखल झाला, पुढे दीर्घ रजेवर मायदेशी गेला आणि त्या रजेत छायाचित्रण शिकला. १८५३ साली लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिचा तो आरंभीच्या सभासदांपैकी एक. या काळात त्याने आपल्या गावच्या गोदीतील जहाजांची छायाचित्रे घेतली. वादळात डोलणारी किंवा पहाटे शिडे उभारून निघालेली जहाजे नव्हेत. गोदीत उभी असलेली, न हलणारी जहाजे. समुद्रकाठी जन्मलेल्या छायाचित्रकाराला समुद्र टाळून जहाज टिपावे लागत होते. कारण जहाज थांबे, समुद्र थांबत नसे.

१८५४ साली ट्राइप बंगळूरला परत आला आणि वर्षअखेरीस डॉ. अँड्र्यू नील यांच्याबरोबर हळेबीडू, बेलूर या भागात मंदिरांची छायाचित्रे घेण्यासाठी हिंडला. १८५५ च्या मद्रासच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि परीक्षकांनी नावाजली. त्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने ब्रह्मदेशाच्या राजाकडे एक शिष्टमंडळ धाडले. आर्थर फेअर त्याचे प्रमुख होते आणि ट्राइप त्याचा छायाचित्रकार. दिवस पावसाळ्याचे होते, हवा प्रतिकूल होती, आणि मध्यंतरी तो आजारीही पडला. तरीही त्याने दोनशेहून अधिक निगेटिव्ह घेतल्या. बंगळूरला परतल्यावर त्यांपैकी १२० निवडून, प्रत्येकीच्या ५० याप्रमाणे, सहा हजार प्रती त्याने छापून घेतल्या. प्रत्येक प्रत सूर्यप्रकाशात ठेवून हातांनी तयार करावयाची होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची व्याप्ती कळते. बंगळूरची हवा या उद्योगाला मानवणारी होती. सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या पठारावर ना मद्रासचा उकाडा, ना किनाऱ्यावरची दमट हवा. १८५६ साली मद्रास सरकारने ट्राइपला आपला अधिकृत छायाचित्रकार नेमले आणि त्याची कर्मशाळा बंगळूरलाच उभी राहिली.

ट्राइप जो कागद वापरी त्याला पातळ मेण पाजलेले असे. हा प्रकार फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५१ साली प्रसिद्ध केला होता. मेणाने कागद पारदर्शक होई, आणि मुख्य म्हणजे तो आधी तयार करून ठेवता येई. प्रवासात छायाचित्र घेतल्या घेतल्या धुण्याची निकड नसे. बैलगाडीने फिरणाऱ्या छायाचित्रकाराला हे मोठेच वरदान होते. परंतु रंगांची दृष्टी या कागदालाही नव्हती. ब्रह्मदेशातील उंच पॅगोडे, मदुरेची गोपुरे, तंजावरचे शिखर, सारे काही त्याच्यावर बारकाव्यांसह उमटे. वरचे आकाश मात्र कोऱ्या पाटीसारखे राही.

यावर ट्राइपने जो उपाय योजिला तो मोठा मनोरंजक आहे. त्याने हाती कुंचला घेतला. निगेटिव्हवर जेथे रंग बसतो तेथे छापताना प्रकाश अडतो आणि प्रतीवर तो भाग उजळ उमटतो. हे जाणून त्याने आपल्या अनेक निगेटिव्हच्या आकाशात हलक्या हाताने ढगांचे पुंज रंगविले. कोठे झाडांच्या पानांनाही उठाव दिला. जतन होऊन राहिलेल्या निगेटिव्हवर हा रंग आजही दिसतो. सरकारने त्याला नेमले होते ते वास्तूंची यथातथ्य नोंद करण्यासाठी. आणि त्या नोंदीच्या वरच्या अर्ध्या भागात त्याने हाताने काढलेले ढग होते.

येथे आपल्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. हे छायाचित्र खरे मानावयाचे की खोटे? त्याचे उत्तर देण्याआधी, ज्याच्या पद्धतीचा कागद ट्राइप वापरीत होता त्या ल ग्रेने समुद्रापुढे काय केले ते पाहू. कारण हा प्रश्न त्याने अधिकच बिकट करून ठेवला.

१८५६ ते १८५८ या काळात ल ग्रेने फ्रान्सच्या उत्तर व दक्षिण किनाऱ्यांवर समुद्राची छायाचित्रे घेतली. त्यांसाठी त्याने कागद सोडून ओल्या कलोडियनची काच घेतली. ही काच ओली असतानाच वापरावी व धुवावी लागे, पण ती कागदाहून कितीतरी तल्लख होती. फुटणारी लाट तिच्यावर उमटू शके. आकाशाचा प्रश्न तरीही उरलाच. समुद्रासाठी योग्य तेवढा वेळ काच उघडी ठेवली तर आकाश जळून पांढरे होई. आकाशासाठी वेळ कमी केला तर समुद्र काळा पडे. तेव्हा त्याने दोन वेगळ्या काचा घेतल्या, एक पाण्याची आणि एक आकाशाची, आणि त्या क्षितिजाच्या रेषेवर जोडून एक प्रत काढली. सेत येथील प्रचंड लाटेचे त्याचे विख्यात चित्र असेच दोन काचांतून जन्मले. एकच आकाश त्याने निरनिराळ्या समुद्रांवर वापरल्याचेही अभ्यासकांना आढळले आहे.

त्याच्या आणखी एका चित्राची कथा आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. पाण्यावर एकटेच उभे असलेले दोन डोलकाठ्यांचे जहाज, ढगांआडून फाकलेले तेज आणि पाण्यावर चमकणारा पट्टा, असे ते १८५६ चे चित्र. पाहणाऱ्यांना ते चांदण्यातील दृश्य वाटले आणि त्याच नावाने ते ओळखलेही गेले. वास्तविक ते दिवसाउजेडी, सूर्याकडे तोंड करून घेतलेले होते. सूर्य समोर असल्यामुळे बाकी सारे काळोखात गेले आणि दिवसाची रात्र झाली. त्या काळच्या छायाचित्रांतील चांदण्याकडे किंवा अरुणोदयाकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

आता ट्राइपकडे परत येऊ. १८५७ च्या डिसेंबरात तो बंगळूरहून दक्षिणेच्या मोठ्या दौऱ्यावर निघाला. श्रीरंगम, त्रिचनापल्ली, मदुरा, पुदुकोट्टै, तंजावर असा तो दौरा होता. बंगळूर ते तंजावर ही वाट मराठी इतिहासाला परिचयाची आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी तेथूनच तंजावरला गेले आणि त्यांनी तेथे मराठ्यांचे राज्य स्थापिले. त्या घराण्याचे अखेरचे राजे १८५५ साली निवर्तले, आणि कंपनीने राज्य खालसा केले. ट्राइप तेथे पोहोचला तो त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याशी जे शिलालेख कोरलेले आहेत ते त्याने ओळीने टिपले. २१ छायाचित्रे एकाला एक जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी त्याने सिद्ध केली. मंदिराभोवती फिरताना जसे वाचीत जावे तसे त्या पट्टीवर वाचता येते.

ट्राइपचा ढग आणि ट्राइपचा शिलालेख या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. शिलालेखाची पट्टीही जोडलेलीच आहे, आणि ल ग्रेचा समुद्रही जोडलेलाच. परंतु शिलालेखाच्या जोडणीत प्रत्येक तुकडा आपल्या मूळच्या जागी आहे. जोडणीमुळे सत्य वाढले. समुद्राच्या जोडणीत आकाश एका वेळेचे आणि पाणी दुसऱ्या वेळेचे आहे; त्यात सौंदर्य वाढले, पण असा क्षण पृथ्वीवर कधी उगवला नव्हता. ट्राइपचा ढग या दोहोंच्या मध्ये पडतो. ब्रह्मदेशात पावसाळ्यात आकाशात ढग नव्हते असे कोण म्हणेल? कोरे पांढरे आकाश हेच तेथे असत्य ठरले असते. कागदाचे आंधळेपण त्याला ठाऊक होते आणि त्या आंधळेपणाची भरपाई त्याने हाताने केली. म्हणून मला असे वाटते, की जोडणे वा रंगविणे एवढ्यावरून छायाचित्राच्या खरेखोटेपणाचा निवाडा करता येत नाही. हात कोठे फिरला हे मागाहून ओळखता येते की नाही, यावरून तो करावा. ट्राइपचा रंग निगेटिव्हवर राहिला, म्हणून आज आपण त्याचे आकाश आणि त्याचे मंदिर वेगवेगळे वाचू शकतो.

दौऱ्याच्या अखेरीस, १८५८ च्या उन्हाळ्यात, ट्राइप मद्रासला होता. शहराला पूर्वेचा समुद्र होता, रोज त्यातून सूर्य उगवत होता. पण त्याच्याकडे काम होते ते तेथील संग्रहालयातील अमरावतीच्या शिल्पांची छायाचित्रे घेण्याचे. ते त्याने चोख केले. दगड स्थिर राहत होते. पुढच्याच वर्षी सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर होऊन आले. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली होती, आणि छायाचित्रण ही सद्यःस्थितीत न परवडणारी चैन आहे, असा अभिप्राय देऊन त्यांनी हे काम थांबविले. १८६० पर्यंत बंगळूरची कर्मशाळा बंद झाली. सहा वर्षांत एवढा ठेवा निर्माण करणाऱ्या ट्राइपने त्यानंतर छायाचित्रण जवळजवळ सोडूनच दिले. १९०२ साली, ज्या बंदराच्या गावी जन्म झाला तेथेच, त्याचा अंत झाला.

काचेला दृष्टी आली ती हळूहळू. १८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांना असे आढळले, की काचेवरच्या क्षारांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवा प्रकाशही जाणवू लागतो. येथून एकेक रंग काचेच्या आटोक्यात येत गेला, आणि १९०६ साली सर्व रंग जाणवणाऱ्या, ज्यांना पॅन्क्रोमॅटिक म्हणतात अशा, काचा इंग्लंडमध्ये विक्रीला आल्या. भिंगापुढे पिवळी काच धरली की निळे आकाश गडद व्हावे आणि ढग आपले आपणच उमटावेत, हे आता शक्य झाले. कुंचल्याची गरज सरली. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी रंगीत छायाचित्राची काच बाजारात आणली, आणि १९३५ पासून कोडॅक्रोम फिल्म मिळू लागली. म्हणजे कॅमेऱ्याचा शोध प्रसिद्ध झाल्यापासून सूर्योदयाचा तांबडा रंग तांबडा म्हणून सर्वसामान्य माणसाच्या हाती येईपर्यंत जवळजवळ एक शतक गेले.

या शतकाच्या उत्तरार्धातच समुद्राच्या रंगाचे कोडे उलगडले, आणि ही गोष्ट आपल्याला पुन्हा बंगळूरकडे आणते. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे बालपण विशाखापट्टणमला, पूर्व किनाऱ्यावर, गेले. १९२१ साली ते इंग्लंडहून नारकुंडा या बोटीने परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे रॅले यांचे मत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून रामन यांना त्याचा संशय आला. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम म्हणजे ध्रुवित प्रकाश वेगळा काढणारा एक स्फटिक होता. पाण्याच्या पृष्ठावरून परावर्तित झालेला प्रकाश त्यांनी त्या स्फटिकाने अडविला. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले. निळाई मात्र पुसली गेली नाही, उलट अधिकच खुलली. म्हणजे समुद्राची निळाई पाण्याच्या आतून येत होती. पाण्याचे रेणूच प्रकाश विखरून टाकीत होते. २६ सप्टेंबर १९२१ रोजी, बोट मुंबई बंदरात असताना, त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकासाठी आपले पत्र लिहिले. या विचाराचा पाठपुरावा करीत त्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लावला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले; १९४८ मध्ये त्यांनी तेथे आपली स्वतंत्र संशोधनसंस्था उभारली आणि १९७० मध्ये निधन होईपर्यंत ते बंगळूरकरच राहिले. समुद्राचा रंग ज्याने उकलला, त्याने वस्तीला शहर निवडले ते समुद्र नसलेले.

रामन यांच्या शोधात छायाचित्राच्या काचेचा वाटा होता, हे येथे सांगितले पाहिजे. विखुरलेल्या प्रकाशातील रेषा इतक्या क्षीण असत, की काच तासन्‌तास उघडी ठेवून त्या टिपाव्या लागत. डोळ्याला प्रकाश साठविता येत नाही, काचेला येतो. ज्या मंदपणामुळे लाटा पुसल्या जात होत्या, तोच मंदपणा येथे संयम होऊन उपयोगी पडला. आणि निकोल प्रिझममधून रामन यांनी जे पाहिले, तेच आज समुद्रकाठचा छायाचित्रकार भिंगापुढे ध्रुवक काच फिरवून पाहतो. पाण्यावरची चकाकी तो कमी करतो आणि पाण्याचा स्वतःचा रंग वर येऊ देतो.

स्वातंत्र्योत्तर काळात बंगळूर हे छायाचित्रणाचे एक मोठे केंद्र झाले. देशातील छायाचित्र-मंडळांचा महासंघ १९५३ मध्ये स्थापन झाला. त्याच्या कामात आणि छायाचित्रणाच्या इतिहासलेखनात बंगळूरचे डॉ. जी. थॉमस यांनी मोठा वाटा उचलला. टी. एन. ए. पेरुमाळ यांनी येथूनच वन्यजीवनाच्या छायाचित्रणात जागतिक कीर्ती मिळविली. मराठी माणसाला विशेष वाटावे असे नाव म्हणजे संडूरच्या घोरपडे राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे. ते कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि वन्यप्राण्यांचे नामांकित छायाचित्रकारही होते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच सूर्यप्रकाश आणि सावली यांचा उल्लेख आहे. ज्या पिढ्यांना समुद्र जवळ नव्हता त्यांनी पहाटेचा प्रकाश अरण्यात शोधला. ट्राइपची कर्मशाळा सरकारने चैन म्हणून बंद केली होती; तेच काम शतकानंतर याच शहरात नागरिकांनी स्वखुशीने आणि स्वखर्चाने उचलले.

आज चेन्नईच्या किनाऱ्यावर पहाटे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातील यंत्राला सर्व रंग दिसतात. तरीही जुनी कोंडी अगदीच सुटली आहे असे नाही. पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून आजचा कॅमेरा आपण होऊन रंगांचा तोल सावरतो, आणि तसे करताना पहाटेचा तांबूसपणा हा जणू दोषच आहे असे समजून तो कमी करतो. उजळ आकाश आणि काळोखी पाणी एकत्र टिपण्यासाठी तो पापणी लवते न लवते तोच अनेक चित्रे घेऊन ती जोडतो. ल ग्रेचेच ते काम, फक्त काचेविना. आणि ज्याला आपले आकाश आवडले नाही, त्याला दुसरे आकाश बोटाच्या एका स्पर्शाने बसविता येते. ट्राइपला एका ढगासाठी जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात आज शेकडो खोटे सूर्योदय तयार होतात.

एक गोष्ट मात्र निसर्गानेच अशी केली आहे, की सूर्योदयाच्या बाबतीत फार कडक होणे आपल्याला शोभणार नाही. क्षितिजावर किरण वाकतात, आणि हे वाकणे सूर्याच्या व्यासाहून किंचित अधिक असते. म्हणून सूर्यबिंब नुकतेच पाण्याला सोडून वर आलेले आपल्याला दिसते तेव्हा खरा सूर्य अजून क्षितिजाखालीच असतो. अत्यंत प्रामाणिक छायाचित्रकारानेही टिपलेला तो क्षण जेथे नाही तेथे दिसणाऱ्या सूर्याचाच असतो. तरी आपण त्याला खोटे म्हणत नाही. कारण हवेने केलेला फेरफार किती, हे गणिताने सांगता येते आणि तो वजा करता येतो.

हाच न्याय माणसाच्या हातालाही लावावा, असे मला वाटते. छायाचित्रात हात फिरविला म्हणून कोणी अपराधी होत नाही. आंधळ्या कागदापुढे ट्राइपला दुसरा मार्ग नव्हता, आणि डोळस यंत्रापुढेही कलावंताला आपली निवड करावीच लागते. परंतु त्याची मूळ निगेटिव्ह शिल्लक राहिली म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनीसुद्धा आपण त्याच्या ढगाला ढग आणि मंदिराला मंदिर म्हणू शकतो. आज आपले किनारे झपाट्याने बदलत आहेत. कोठे बंदरे वाढत आहेत, कोठे वाळू खचत आहे. पन्नास वर्षांनी एखादा इतिहासकार आपल्या काळातील समुद्रकाठच्या सूर्योदयाचे छायाचित्र हाती घेईल, तेव्हा तो त्यात केवळ सौंदर्य पाहणार नाही. किनारा त्या वर्षी कोठे होता, होड्या कशा होत्या, पाणी कोठवर येत होते, हे तो विचारील. त्याला उत्तर मिळावे अशी आपली इच्छा असेल, तर सुधारलेली प्रत भिंतीवर खुशाल लावावी. मात्र मूळचे, हात न फिरविलेले चित्रही स्थळ, तारीख आणि वेळ लिहून जपून ठेवावे.